अर्ध्या गुंठ्याचा शनिवार

सकाळी 6:10

जानेवारी निम्मा सरलाय. धुई इतकी दाट, की फाटकातून शाळेचं नाव वाचता येत नाही. देवळाली प्रवरा गावापासून थोडी बाजूला, वस्तीवरची शाळा. पहिली ते चौथी, पट 43, शिक्षक दोन. रस्त्यानं उसाचा ट्रॅक्टर येतोय. आधी इंजिन ऐकू येतं, मग टेपवरचं गाणं, आणि अगदी जवळ आल्यावर मागच्या दोन ट्रॉल्या दिसतात.

फाटक उघडतात त्या पोषण आहाराच्या मावशी. शनिवारची शाळा सकाळची, म्हणून खिचडीही सकाळची. घरची धार काढून, भाकरी थापून त्या इथं येतात. मानधन महिन्याला अडीच हजार. चूल पेटवायच्या आधी बॅटरी घेऊन शाळेमागं जातात, बागेत. इथं पालेभाजी किती निघते त्यावर दुकानातून काय आणायचं ते ठरतं.

"गेली मेथी!" तिकडून आवाज येतो.

उत्तरेच्या अंगाला कुडाला हातभर खिंडार पडलंय. रात्री शेळी शिरली. मेथीचे दोन वाफे होते, त्यातला एक दाढी केल्यासारखा साफ. पालकाला नुसतं तोंड लावून सोडलंय. कोथिंबिरीत लेंड्या. मावशी त्या लेंड्यांवर बॅटरी धरून जरा वेळ उभ्या राहतात.

"खत तरी टाकून गेली," म्हणतात आणि विळीकडं वळतात.

शेळी कुणाची ते त्यांना ठाऊक आहे. मी विचारतो, त्या सांगत नाहीत. त्या घरचं पोरगं दुसरीत आहे.

सकाळी 6:50

ताणकाटा खिडकीच्या गजाला टांगलेला. सरकारी हिशोब सरळ आहे. प्राथमिकच्या एका पोराला तांदूळ 100 ग्रॅम, डाळ 20 ग्रॅम, भाजी 50 ग्रॅम. 43 पोरांना भाजी 2 किलो 150 ग्रॅम. मावशींना हा आकडा तोंडपाठ आहे. कधी कमी पोरं आली, तर तेवढी भाजी त्या मनातल्या मनात वजा करतात.

मेथी 550. पालक 400. टोमॅटो 300, त्यातले दोन तडकलेले. गाजरं 150, बोटाएवढी, पण आहेत. बेरीज 1 किलो 400. उरलेल्या साडेसातशेसाठी कोबीचा एक गड्डा, कोपऱ्यावरच्या दुकानातून, 20 रुपये. ते पैसे आत्ता मावशींच्या कनवटीचे. बिलाचे मिळतील तेव्हा मिळतील.

शाळेच्या बागेवर अख्खी शाळा जेवते असं कुणी सांगितलं, तर माना डोलवू नका. अर्ध्या गुंठ्यात ते होत नाही. इथं आठवड्यातून एखाद-दोन दिवस बागेतलं, बाकी बाजारातलं. पण त्या दिवशी पोरं ताट घेऊन बसतात ती ऐट वेगळीच असते.

सकाळी 7:30

गुरुजी मोटारसायकलवरून येतात, कानटोपीवर दवाचे थेंब. मुलं त्यांना सर म्हणतात, म्हातारी माणसं अजून गुरुजी. डिक्कीतून एक कागदी पुडकं निघतं. राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ इथून काही फार लांब नाही. 1968 साली स्थापन झालेलं. तिथल्या वाणांची बियाणी या शाळेच्या कपाटात खडूच्या खोक्याशेजारी असतात. काकडी हिमांगी. कारली हिरकणी. चौथीच्या पोरांना हिरकणी म्हणजे रायगडाचा कडा उतरलेली गवळण माहीत. तिच्या नावाची कारली, हे ऐकल्यापासून त्यांनी त्या पुडीला हात लावायचा मान मॉनिटरकडं ठेवलाय.

वेलवर्गाला अजून थंडी जास्त आहे. फेब्रुवारीत लावू, तोवर पुडी बंद.

वालाचं बी मात्र पाकिटातलं नाही. ते एका आजीच्या डब्यातलं, राखेत घोळलेलं. वर्गात राहीबाई पोपेऱ्यांचा पेपरातला फोटो चिकटवलाय. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या, गावरान बियाणं जपणाऱ्या, 2020 ची पद्मश्री. प्रवरा उगम पावते तीही त्यांच्याच तालुक्यात, रतनगडाच्या अंगाला. वालाची आजी त्या फोटोकडं बघून एकदा म्हणाली होती, "आमी बी राखेतच ठेवायचो. कोणी फोटो नाही काढला." रागानं नाही, हसत.

सकाळी 8:05

प्रार्थना होते, प्रतिज्ञा होते. मार्च 2024 पासून शनिवार 'आनंददायी' झालाय, दप्तर आणायचं नाही. त्यामुळं कुणाच्या हातात खुरपं, कुणाच्या हातात पाण्याची बाटली. पहिलीतली एक पोर झारीच घेऊन रांगेत उभी होती, 'सावधान'लाही खाली ठेवली नाही.

पालक आले सात. पाच आया, एक आजी, एक बाप. खुरपी अकरा. त्यातली पाच शाळेची, सहा घरून आणलेली. घरची ओळखू यावीत म्हणून मुठीला रंगीत चिंध्या बांधल्यात. शाळेची पाचही बोथट. बाजारच्या दिवशी लोहाराकडून पाजवून आणायची, असं गेले तीन शनिवार चाललंय.

मी काठावर वही घेऊन बसतो.

"काय लिहू राह्यले?" आजी विचारते.

"तुमचंच, बागेचं."

"मग हे घ्या." एक बोथट खुरपं माझ्या हातात येतं. वही खिशात जाते. पुढचं बरंचसं म्हणून आठवणीतून लिहिलंय.

खाली बसलं की माती कळते. ही माती इथली नाही. शाळेचं मैदान मुरमाचं, कुदळ मारली की ठिणगी उडायची. दोन वर्षांपूर्वी एका पालकानं दोन ट्रॉल्या माती ओतली, दुसऱ्यानं एक ट्रॉली शेणखत. विकत घ्यायचं तर त्या खताचे चार-साडेचार हजार झाले असते. माती कुठली आणायची यावर तेव्हा चांगली बैठक झाली. भंडारदऱ्याचं धरण 1926 साली पुरं झालं, कालव्याच्या पाण्यावर या पट्ट्यात ऊस वाढला, आणि जिथं पाण्याला निचरा नव्हता तिथं जमिनी चोपणही झाल्या. आजीनं तेव्हा एकच अट घातली होती: पांढरं फुटणारी माती नको. आणलेली माती तिनं आधी जिभेला लावून बघितली, मग ट्रॉली रिकामी करू दिली.

सकाळी 8:30

शेळीनं खाल्लेल्या वाफ्याचं काय करायचं? मेथी परत फुटेल, पण विरळ. सर म्हणतात, मोडू आणि नवा वाफा आखू. चौथीकडं सुतळी आणि टेप. लांबी 6 फूट, रुंदी 3 फूट.

"क्षेत्रफळ?"

शांतता. एक पोरगं बोटं मोजतं, "नऊ?" पलीकडून कुणी "अठरा" कुजबुजतं.

सर टेप खाली ठेवतात. "तुमचं रान किती रे?"

"साठ गुंठे," नऊवाला पोरगा एका दमात सांगतो. "दीड एकर. त्यात वीस गुंठे घास, बाकी ऊस."

"गुंठा म्हणजे केवढा?"

"तेहतीस बाय तेहतीस."

"मग आपली बाग? तेहतीस लांब, साडेसोळा रुंद."

"निम्मा गुंठा!" हे त्यानं गुणाकार न करता सांगितलं. मग सरांनी त्याला 33 गुणिले 33 मातीतच करायला लावलं, काटकीनं. 1089 आले. त्याचं निम्मं करताना तो पुन्हा अडकला, पण तोवर त्याच्याभोवती सहा जण उकिडवे बसले होते.

वाफा आखला. आता खोदायचा. कुदळ मोठ्यांनी मारायची, ढेकळं पोरांनी फोडायची, हा इथला नियम. मूठभर ढेकूळ दोन्ही तळव्यांत धरायचं आणि चोळायचं. दुसरीतली एक पोर प्रत्येक ढेकूळ कानाशी नेऊन फोडते. का, ते विचारायचं राहिलं.

सकाळी 8:55

बाहेर हॉर्न. छोटा हत्ती आला.

पाचपैकी चार आया उठतात. हात झारीखाली धरतात, पदरानं पुसतात. खुरपी आपापल्या पिशवीत. गावरान कांद्याची लागण चालू आहे. बारा जणींची टोळी, एकरी 12 हजार उक्तं. काल दिवसभरात पाऊण एकर झालं. नऊ हजार, वाटणी साडेसातशे, गाडीभाडं पन्नास वजा. खुरपणीला गेलं तर दिवसाचा रोज तीनशे. कांद्याचे हे महिना-दीड महिना म्हणून कुणी सोडत नाही. टोळीतली मुकादमीण वेळेला कडक. तिनं शनिवारी गाडी शाळेवरून आणायचं कबूल केलंय, पण हॉर्न दोनदाच.

एक आई गाडीच्या पायरीवरून ओरडून सांगते, "सर, पालकाच्या कडंची हरळी मुळासकट काढा, नुसती तोडू नका!" हरळी म्हणजे दूर्वाच, पण वाफ्यात आली की तिला कुणी दूर्वा म्हणत नाही. गाडी हलते.

उरले एक आई, आजी, बाप, मॅडम, सर, मी आणि 39 पोरं. आज चार गैरहजर.

सकाळी 9:30

वालावर मावा पडलाय. शेंड्याकडची पानं वळलीत, खालून काळी बारीक कीड चिकटलेली. बोट फिरवलं की चिकट लागतं. मुंग्यांची रांग वर चाललीय. धुई चार दिवस राहिली की हे ठरलेलं.

औषध काल रात्रीच भिजत घातलंय. निंबोळ्या जूनमधल्या, पोरांनीच शाळेसमोरच्या लिंबाखाली वेचलेल्या. वाळवून गोणपाटात ठेवल्या होत्या. प्रमाण पाच टक्के: शंभर लिटरला पाच किलो. शाळेला चार लिटर पुरे. मग निंबोळी किती? तिसरीला दिलेलं हे गणित. फळ्यावर तीन उत्तरं आली. बरोबर होतं 200 ग्रॅम, पण एका गटानं दोन किलो काढले होते आणि ते भांडायला तयार होते.

कुटलेली निंबोळी जुन्या ओढणीत बांधलीय. दोन पोरी पीळ देतात, बादलीत दुधासारखं पाणी उतरतं. वास कडू, नाकात बसणारा. एक जण बोट चाटून बघतो. सगळ्यांना माहीत होतं तो चाटणार. तो थुंकत नळाकडं पळतो आणि वर्ग पाच मिनिटं कामातून जातो.

त्यात कपडे धुवायच्या साबणाचा चुरा, चिमूटभर, पानावर चिकटावं म्हणून. फवारणीचा पंप नाही. काच पुसायच्या बाटल्या आहेत, तीस-तीस रुपयांच्या दोन. पानाच्या खालून मारायचं. लहान पोरांना हे बरं जमतं, त्यांचं तोंड आधीच पानाच्या खाली असतं.

"मेला का?" मावा बघून एक विचारते.

"लगेच नाही मरत," मॅडम सांगतात. "त्याचं खाणं सुटतं हळूहळू."

तिला हे काही पटलेलं दिसत नाही. ती एक पान तोडून हातात ठेवते, मावा जेवतोय का ते बघायला.

सकाळी 10:10

नव्या वाफ्यात काय लावायचं? हात वर. भेंडी. कलिंगड. चॉकलेटचं झाड, हे पहिलीतून.

मागं एक पोर उभी आहे, तिसरीची. नोव्हेंबरात आली. आईबाप ऊसतोडीला, उसाच्या फडाकडंला कोपी. गावाकडच्या शाळेनं दिलेलं शिक्षण हमी कार्ड घेऊन ती इथं बसते. नवरा-बायको मिळून एक कोयता, टनामागं साडेतीनशेच्या वर मजुरी, आणि संध्याकाळी वाढ्याच्या पेंढ्या विकून वरखर्चाचे चार पैसे. बागेतलं पाचट तिच्या बापानंच आणून टाकलंय. टोमॅटोच्या बुडाशी ते पसरलंय, त्यामुळं तिथं पाणी कमी लागतं आणि तण कमी. खुरपं तिच्याइतकं सफाईनं इथं कुणाचं चालत नाही. मूठ सैल, पातं आडवं, माती उचलायची नाही, फक्त सरकवायची.

"मुळा किती दिवसात येतो?" ती विचारते.

"चाळीस-पंचेचाळीस," आजी सांगते.

ती बोटांवर मोजते. कारखान्याचा पट्टा मार्चच्या मध्यापर्यंत पडेल, म्हणजे हंगाम संपेल, असं तिचा बाप म्हणतो.

"मग मुळा."

मुळा ठरला. एक पोरगं म्हणालं, मुळा तर धरण आहे. दुसरं म्हणालं, आधी नदी आहे. सरांनी वाद वाढू दिला नाही. बोटाच्या दुसऱ्या पेराएवढी रेघ, दोन बियांत चार बोटं अंतर. ज्याची बोटं लहान त्याचे मुळे दाट येणार, हे आजीनं आधीच बजावलं. विरळणीचा पाला भाजीला, मग वाया काहीच नाही.

सकाळी 10:45

खिचडी. मूगडाळ, मेथी-पालक, कोबी. गाजर दिसत नाही पण आहे, असं मावशी छातीवर हात ठेवून सांगतात. सरकारी पाककृतींत मूग-शेवगा वरणभातही आहे. शेवगा दारात उभा आहे, पण त्याला आत्ता फुलं. शेंगांना महिना तरी लागेल.

हात धुवायच्या नळाखाली फरशीला उतार दिलाय. ते पाणी चरातून अळूला आणि केळीच्या तीन खुंटांना जातं. 39 पोरांनी जेवणाआधी आणि जेवणानंतर हात धुतले की केळीचं भागतं. सुट्टीत मात्र झारीनं घालावं लागतं, आणि सुट्टीतच ते राहून जातं.

वाढताना कुणीतरी ओरडतं, "आमच्या गटाची मेथी!" मावशी डाव थांबवून विचारतात, "शेळीनं खाल्ली ती की राहिली ती?" हशा होतो. दुसरीतलं ते पोरगं ताटात बघत राहतं.

सकाळी 11:35

शाळा सुटली. सर बागेची वही लिहितात. बियाणं 60. सुतळी 40. कोबी 20, हे वेगळ्या रकान्यात. निंबोळी शून्य, पाचट शून्य. आयांच्या चार खुरप्यांचा पाऊण-एक तास 'लोकसहभाग' या एका शब्दात मावतो. बियाण्याच्या पावतीवर नाव सरांचं आहे.

बाप अजून वाकलेलाच. ठिबकची नळी एका जागी फुटलीय, शेळीचा पाय पडला असणार. ही नळीही त्याच्याच रानातली, उसातून काढलेली, चार वर्षं वापरलेली. शहाण्या माणसानं भंगारात दिली असती. 16 मिलिमीटरचा जॉइनर लागेल. खिशात नाही.

"संध्याकाळी येतो," तो म्हणतो.

दुपारी 2:15

कांद्याच्या रानात सकाळच्या त्या चौघी ओळखू येत नाहीत. बाराजणी एका ओळीत, वाकलेल्या, डोक्यावरून पदर, वरून नवऱ्याचा जुना शर्ट. डाव्या हातात रोपांची पेंढी, उजव्या अंगठ्यानं एकेक रोप ओल्या मातीत दाबत मागं सरकायचं. अंगठ्याचं नख चिखलानं काळं, कडेला चीर. चीर पडली की रात्री तेल आणि हळद.

"पालकाची हरळी निघाली का?" वर न बघता एकीचा प्रश्न.

निघाली, मी सांगतो. मुळासकट का, ते ती विचारते. मी काढलेली मुळासकट होती असं छातीठोक सांगता येत नाही, म्हणून मी रोपांचा भाव विचारतो.

संध्याकाळी 5:40

ऊन कलतंय. बाप येतो, खिशात दोन जॉइनर, दहाची नोट गेली. नळी विळ्यानं सरळ कापतो, टोक तोंडानं फुंकर मारून गरम करायचा प्रयत्न करतो, हसतो, मग काडेपेटी काढतो. नळीचं तोंड जरा मऊ झालं की जॉइनर आत दाबायचा, दोन्ही अंगांनी. एंड कॅप उघडून आधी कचरा जाऊ द्यायचा. लाल पाणी येतं, मग गढूळ, मग स्वच्छ. कॅप लावली. काळ्या टाकीचा कॉक अर्धा फिरवला. थेंब, थेंब. तो वाफ्याच्या कडेनं चालत एकेक ड्रिपर बोटानं तपासतो. सात बंद. त्यांना टाचणी.

घाई आहे. या आठवड्यात शेतीची लाइट रात्रीची. दहाला मोटार चालू होईल, मग उसाला पाणी, पहाटेपर्यंत. उसात बिबट्या आहे, सगळ्यांना ठाऊक आहे. बॅटरी, काठी आणि मोबाइलवर मोठ्यानं गाणी, एवढीच तयारी. त्याआधी दोन तास तरी पाठ टेकायला हवी.

खिंडार तसंच आहे. जुनी साडी बांधू, तो म्हणतो, पण साडी शेळीला काय अडवणार?

संध्याकाळी 6:05

रस्त्याकडून खरखर आवाज. दुसरीतलं ते पोरगं बोराटीची एक मोठी फांदी ओढत आणतंय, स्वतःपेक्षा दुप्पट लांब. दोरी बांधलीय, दोरीचं दुसरं टोक कमरेला. फांदी फाटकात अडकते. बाप जाऊन सोडवतो. दोघं मिळून ती खिंडारात दाबतात, काटे बाहेरच्या बाजूला. पोराच्या पोटरीवर दोन ओरखडे, तो थुंकी लावतो.

"कोणी पाठवलं?"

"आज्यानं."

बाप कॉक बंद करतो. टाकी वाजवून बघतो, निम्मी आहे. पोरगं अजून उभंच.

"काय रे?"

"आमच्याकडं लेंड्या लई आहेत," ते म्हणतं. "सर म्हणले होते, खत लागतं."

"घमेलं आहे का घरी?"

"आहे. बुड फुटकं आहे."

"मग सोमवारी गोणीत आण," बाप म्हणतो आणि किक मारतो.